जिनिंग कोण चालवतं?

मंडळी, टोप्या सावरून बसा. एक अत्यंत गंभीर घोषणा करायची आहे. व्यवस्थापनशास्त्र नावाची जी विद्या हल्ली शहरात शिकवतात, तिचा एक अख्खा अध्याय आमच्या वाशीमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये, सरकीच्या ढिगावर बसून लिहिला गेला. मी साक्षीदार आहे. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी तिथे वजनकाट्यावर कारकून होतो.

लिहिणारे गृहस्थ नागपूरच्या एका कॉलेजात तात्पुरते प्रोफेसर. पीएच.डी. मिळाली तर नोकरी पक्की, नाही तर घरी. विषय काय, तर कामाच्या जागी माणसं खरोखर कोणाचं ऐकतात! दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की ते येत आणि दिवसभर नुसते बघत. रुई भुवयांना चिकटून तिशीतला माणूस संध्याकाळपर्यंत ऐंशीचा दिसे.

काहीही सांगा, त्यांचं एकच: "असं? मग काय झालं?"

"पट्टा तुटला जी."

"असं? मग काय झालं?"

"मंग बंद पडलं! आनखी काय होईन?"

सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांवर, म्हणजे रेच्यांवर, कापूस घालणाऱ्या बायांनी हे बरोबर हेरलं. "प्रोफेसर, लगन झालं का तुमचं?"

"नाही अजून."

"असं? मंग काय झालं?"

ते लाजत, आणि तेही वहीत लिहून घेत.

एकदा जेवणाच्या सुट्टीनंतर मॅनेजरसाहेबांनी शिट्टी फुंकली. एकही बाई हलली नाही. पुन्हा फुंकली. साहेब लाल झाले. सगळ्यांत जुनी रुखमाबाई निवांत तंबाखू मळत होती. चिमूट दाढेखाली गेली, पदर कमरेला खोचला गेला, आणि सगळ्या बाया एकदम उठल्या. प्रोफेसरांनी घड्याळ पाहून नोंद केली.

परवा कोणीसं सांगितलं, प्रोफेसर गेले. मग आठवली ती साहेबांच्या खोलीतली सकाळ.

तीन हंगामांनी प्रबंध पुरा झाला होता. हे सगळं इथेच पाहिलं, अशी मॅनेजरसाहेबांची सही तेवढी हवी होती. साहेबांनी नेमका तोच अध्याय उघडला.

"ही जिनिंग रुखमाबाई चालवते? मंग मी इथं कायले बसून राह्यलो? खुंटीवरची टोपी हाय का मी?"

"साहेब, मी पाहिलं तेवढंच लिहिलं."

"हे पानं फाडा. सही घेऊन जा."

वजनाची वही घेऊन आलेला मी साहेबांच्या मागून खुणावत होतो, फाडा हो, फाडा! प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला.

"नाही जमणार, साहेब. ती पानं गेली तर बाकीचं सगळं खोटं ठरेल."

खिडकीबाहेर रेचे घरघरत होते. शेवटी साहेबांनी टाक दौतीत बुडवला, कागदावर टेकवला आणि थांबले. मग खिडकीकडे मान वळवून मोठ्यांदा ओरडले,

"काय वो रुखमाबाई, करू का याच्या कागदावर सही?"