पडद्याआडची रक्षा

रक्षाने वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेला सायबर कॅफे टाकला तेव्हा सासरे बंडूजी म्हणाले होते, "त्यापक्षा किराणा टाकला असता, सूनबाई. खपला नाई तर घरी तरी खाल्ला असता." तिने हसून ऐकून घेतलं आणि चार संगणक मांडले. नवरा धर्मेंद्र याची कारखान्यातली नोकरी सुटली होती. घर आता कॅफेवरच चालणार होतं. गाळा भाड्याचा, पुंडलिकरावांचा. शेतात प्लॉट पाडून सारा लेआउटच त्यांनी वसवलेला.

दोन हजार सहा साली पुंडलिकरावांनी लेआउटच्या बगिच्यासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेवर चुन्याच्या रेघा मारल्या आणि तिथेही प्लॉट पाडले. घेणारे पुण्याकडे नोकरीला गेलेले वर्धेकर. इंटरनेटवर जाहिरात बघायची आणि बयाण्याची आगाऊ रक्कम पाठवायची. मंजूर नकाशात तिथे बगिचा आहे, हे त्यांना सांगणार कोण? रक्षाने ठरवलं, आपण सांगायचं. मात्र नाव फुटलं तर गाळा जाणार, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

वर्धेकरांच्या गप्पांची एक वेबसाइट होती. तिथे काही लिहिलं की ते कोणत्या संगणकावरून आलं, त्याचा आयपी पत्ता खाली उमटायचा. म्हणून रक्षाने प्रॉक्सी सर्व्हर धरला. प्रॉक्सी म्हणजे मधला अडत्या. कापूस अडत्याच्या नावावर गेला की पिकवणारा कोण, हे घेणाऱ्याला दिसत नाही. तसंच रक्षाने लिहिलेलं आधी जर्मनीतल्या एका यंत्राकडे जायचं आणि तिथून वेबसाइटवर यायचं. पत्ता दिसायचा जर्मनीचा.

लोक प्रश्न विचारायचे, ती उत्तरं द्यायची. हळूहळू बयाणे परत मागितले जाऊ लागले.

एका दुपारी पुंडलिकराव स्वतः कॅफेत आले. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. खुर्ची ओढून बसले.

"सूनबाई, तो जर्मनीवाला कोण व्हय?"

"मले काय माहीत, काकाजी?"

"मी वर्ध्याच्या हापिसात बसून रोज वाचून राह्यलो. तिथं लाईन राह्यते तवा इकडं लोडशेडिंग राह्यते. आपल्या भागाच्या फिडरची लाईन गेली का त्याचं तोंड बंद. लाईन आली का पुन्हा सुरू. जर्मनीत बी आपलंच फिडर हाय काय?"

रक्षाला हसू आलं आणि घामही फुटला. पत्ता लपवताना तिने सगळा विचार केला होता. विजेचं वेळापत्रक तेवढं ध्यानात आलं नव्हतं.

"म्या कोणाले नाव सांगितलं नाई," पुंडलिकराव मऊ आवाजात म्हणाले. "लिहिलेलं खोटं होतं असं त्याच जर्मनीवाल्याच्या नावानं लिहून टाक. गाळा तुलेच राहीन. भाडं बी वाढवत नाई."

रक्षाने कीबोर्ड पुढे ओढला. मग तिने प्रॉक्सी बंद केला आणि टाइप करू लागली. पुंडलिकरावांना वाटलं, काम झालं. तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"वाचा, काकाजी. चूक असन तर सांगा."

बगिच्याची जागा विकली जात आहे, आजवरचं सगळं मीच लिहिलं, असं त्यात होतं. खाली पूर्ण नाव आणि कॅफेचा पत्ता.

"नाव काढ."

"नाई काढत."

"काऊन एवढी अक्कड? गाळा कोणाचा हाय, माहीत हाय ना?"

"गाळा तुमचा हाय, घेऊन घ्या. बगिचा तुमचा नाई." आणि तिने बटण दाबलं.

संध्याकाळच्या आत गाळा रिकामा झाला. बंडूजींनी स्वतः हातगाडी आणली आणि संगणकांखाली घरातल्या गाद्या अंथरल्या. यापुढे कॅफे घरच्या समोरच्या खोलीत चालणार होता. धर्मेंद्र गाडी मागच्या बोळीकडे वळवू लागला. पुढच्या रस्त्यावर पुंडलिकराव चार माणसं घेऊन उभे होते.

"इकडून कायले?" बंडूजी म्हणाले. "चोरी केली का सूनबाईनं? पुढूनच घे."

रक्षा गाडीच्या पुढे चालू लागली.