रामोन आलोन्सो लूना

आमच्या नीताकडून चूक कबूल करून घेण्यापेक्षा बंद पडलेलं इंजिन चालू करणं सोपं. मी तिचा नवरा, बत्तीस वर्षं जहाजावर मरीन इंजिनिअर. दोन्हींचा अनुभव आहे. म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

सिंगापुरात हौगांगला आमच्या ब्लॉकच्या जागी पूर्वी स्पॅनिश जमीनदारांच्या नारळाच्या बागा होत्या. त्या घराण्यांपासून इथली युरेशियन, म्हणजे युरोपी-आशियाई मिश्र वंशाची वस्ती वाढली. तिचा इतिहास फलकावर लिहायचं ब्लॉकच्या समितीने ठरवलं. शेजारच्या क्लारा आलोन्सो, वय चौऱ्याऐंशी, सांगत होत्या, "एक बाग माझ्या पणजोबांची." पण जुन्या खरेदीखतावर नाव निघालं, रामोन आलोन्सो लूना.

समितीने नीताला विचारलं. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात ती वर्षानुवर्षं पेशंटच्या फायली सांभाळते, म्हणजे नावांतली तज्ज्ञ! तिने ठणकावून सांगितलं, "रामोन त्याचं नाव, आलोन्सो वडिलांचं, लूना आडनाव."

झालं! फलकाच्या मजकुरात लूना घराणं आलं आणि क्लारा आंटींचं गेलं. त्या भांडल्या नाहीत, पण आमच्याकडे चहाला यायच्या बंद झाल्या. मला फार वाईट वाटलं.

मग एकदा हॉस्पिटलात एक स्पॅनिश पेशंट आला. त्याची जुनी फाइल काही केल्या सापडेना. तो हसून म्हणाला, "शेवटचं आडनाव आईकडचं असतं. वडिलांचं त्याच्या आधीचं. त्यावर शोधा." फाइल मिळाली आणि नीताचा चेहरा खर्रकन उतरला.

"अश्विन, मी स्पेनच्या माणसाला पुणेकर करून टाकलं रे!" घरी येऊन ती म्हणाली.

फलक लागायला दोनच दिवस उरले होते. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "छापून झालाय. एवढ्या तेवढ्याने काय बिघडतं?"

"चूक माझी आहे. नवा फलक छापायला जाईपर्यंत मी इथून हलणार नाही," असं म्हणून ही त्यांच्या ऑफिसात ठाण मांडून बसली. तीन तास! माणूस शेवटी शरण आला.

रविवारी पडदा सरकला. मोठ्या अक्षरांत, आलोन्सो घराणं. मी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. क्लारा आंटींनी अध्यक्षांना ते मोठ्याने वाचायला लावलं, तेही दोनदा. मग नीताचा हात घट्ट धरून अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाल्या,

"जन्मभर लोक विचारत आले, आलोन्सो, तू मूळची कुठली? आता सरळ इथे आणून उभं करीन, ला! म्हणेन, वाचा. इथलीच."