डावी बाही

काकूच्या घरात शिरायचं तर आधी पाय पुसायचे, मग हात धुवायचे, आणि मग लोकरीची चौकशी करायची. तब्येतीची राहिली तरी चालेल. त्या बेटावर माणसं मोजकी आणि मेंढ्या भरपूर, त्यामुळे घराघरात मेंढीचा वास मुरलेला. काकूकडे मात्र नाव नको! कातरलेली लोकर अंगणातल्या दगडी कुंडात भिजायची, साबणातून निघायची, पुन्हा पाण्यातून निघायची, वाऱ्यावर वाळायची, आणि तेव्हा कुठे तिला उंबरठा ओलांडायची परवानगी मिळायची. पिंजणं, कातणं, कांद्याच्या सालीत रंगवणं, विणणं हे सगळं त्यानंतर. पलीकडच्या किनाऱ्यावरची दुकानदारीण तिचे मोजे नाकाला लावून म्हणायची, "ह्यांना वासच नाही हो!" काकूला ह्याहून मोठं कौतुक ठाऊक नव्हतं.

आणि अशा बाईला नवरा मिळाला तो काका! साबणाचं नि त्यांचं जन्माचं वैर. मेंढ्या त्यांच्याकडे, लोकर काकूकडे, अशी संसाराची वाटणी. लग्नानंतर काकूनं त्यांना न रंगवलेल्या तपकिरी लोकरीचा एक स्वेटर विणून दिला, तो त्यांनी जो अंगात घातला तो घातलाच. मेंढी अडली की तो स्वेटर, कोकरू गारठलं की ते त्याच स्वेटरच्या आत. संध्याकाळी ते दारात आले की काकू आतूनच ओरडायची, "अहो, अंगावर मेंढी घेऊन घरात येऊ नका!"

"मेंढी बाहेरच ठेवली आहे," काका म्हणायचे, "मी एकटाच आलोय."

त्या स्वेटरची डावी बाही कोपरावर सतत फाटायची. कारण एकच, ठकी नावाची मेंढी. ठकी जन्मली तेव्हा तिची आई दगावली होती, म्हणून काकांनी तिला डाव्या काखेत मारून, बाटलीनं पाजून वाढवलं. परिणाम असा, की ही बया पुढे कुणालाच जुमानेना. काका सोडून कुणी जवळ गेलं की लाथ ठरलेली.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. लेक आली, पंधरवडाभर राहिली. "आई, विकून टाक हे सगळं, माझ्याकडे ये," असं रोज म्हणून झालं, आणि निघायच्या आधी तिनं वडिलांचे कपडे धुवायला काढले. बोचकं घेऊन ती अंगणातून कुंडाकडे निघाली, तर मागून ठकी धावत आली, तपकिरी बाहीत तोंड खुपसलं आणि घुमल्यासारखी हाक मारायला लागली. काकूनं पुढे होऊन लेकीच्या हातातला स्वेटर ओढून घेतला.

"आई, अगं किती वास येतोय त्याला!"

"येऊ दे," काकू म्हणाली.

झालं. न धुतलेल्या लोकरीचा एक केसही ज्या घरात शिरत नव्हता, त्या घरात आतल्या खोलीच्या दारामागे, खुंटीवर, तो मळकट स्वेटर लटकायला लागला. कोंबड्या खुराड्यात गेल्या की काकू दार लावून घ्यायची आणि बाहीत तोंड घालून उभी राहायची. आठवण यायची, दुसरं काय! पण वास हळूहळू विरत चालला होता. म्हणून मग ती रोज हुंगेनाशी झाली. डब्यातली साखर संपत आली की आपण वापरतो ना, तसा तो वास जपून वापरायला लागली.

मेंढ्या विण्याचे दिवस आले. ह्या वेळी काकू एकटीच. विण्याआधी मेंढ्या कातरायची काकांची पद्धत होती, म्हणजे कोकराला कास पटकन सापडते. तिनं शेजारच्या होडीवाल्याच्या मदतीनं सगळ्या मेंढ्या कातरल्या, लोकर कुंडात घातली, धुऊन आत नेली. पहिली कोकरं ठणठणीत झाली. "बघ," तिनं फोनवर लेकीला सांगितलं, "जमतंय मला."

आणि मग ठकीचं कोकरू मेलेलंच जन्मलं.

ठकी त्याला चाटत राहिली. चाटायची, थांबायची, हाक मारायची, पुन्हा चाटायची. काकूला ते बघवेना. तिनं ते कोकरू उचललं, कुंपणाच्या भिंतीपाशी खड्डा केला आणि वर चुना ओतून पुरून टाकलं. त्याच दिवशी दुपारी गोठ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक म्हातारी मेंढी व्याली आणि तिथल्या तिथे आटोपली. मागे राहिलं काळ्या तोंडाचं एक कोकरू, ओलंचिंब, ओरडणारं.

होडीवाला गवताचे भारे घेऊन आला तेव्हा काकू दोघांच्या मध्ये बसली होती. काकांचा हा जुना दोस्त, म्हणून ती त्याला भाऊजी म्हणायची.

"अहो वहिनी, मग सोपं आहे की," तो म्हणाला. "ठकीच्या कोकराचं कातडं ह्याला पांघरा. वास आला की घेईल आपलं म्हणून. आमचा दोस्त असंच करायचा."

"पुरलं मी ते, चुना ओतून. आता उकरलं तरी वास कुठला!"

"पुरलं? एवढी कसली घाई झाली होती?"

"बघवेना मला," काकू म्हणाली.

कोकरू बाटलीला तोंड लावीना. चमच्यानं घातलेलं दूध गालावरून खाली. ठकीला खुंट्याला बांधून कोकरू कासेशी धरलं, तर तिनं अशी लाथ झाडली की काकू शेणात बसली आणि कोकरू बादलीत. कासेत दूध तटतटलंय, इकडे पोर उपाशी मरतंय, आणि मधे ही हट्टी बाई! ठकीच्या खालचं गवत कोकराला चोळून झालं, तिचं दूध त्याच्या अंगाला फासून झालं. ठकी हुंगायची आणि ढुशी द्यायची.

तेवढ्यात काकूला एक युक्ती सुचली. ठकीच्या लोकरीचा गुंडा आत तयार होता. कातडं नाही तर नाही, लोकर तर तिचीच! तिनं तिथेच स्टुलावर बसून सुया चालवायला घेतल्या. हात असा चालला की होडीवाला बघतच राहिला. गळा, पोट, पुढच्या पायांना दोन भोकं. घाईतही कडेला नक्षीचा काठ घातला, कारण काठाशिवाय विणणं त्या हातांना ठाऊकच नव्हतं. कोकराला अंगडं चढवलं. असं गोजिरवाणं दिसायला लागलं म्हणता!

ठकीनं हुंगलं, दोन पावलं मागे सरली आणि अंगड्यासकट त्याला भिंतीवर आपटलं.

"वहिनी," होडीवाला चाचरत म्हणाला, "लोकर धुतलेली होती का हो ही?"

"म्हणजे काय? न धुता विणेन मी?" काकू ताडकन म्हणाली. आणि मग हातातल्या सुयांकडे बघत राहिली. आधी तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अख्खा जन्म वास काढण्यात घालवला मी, भाऊजी," ती म्हणाली. "आता हवा तर घरात कुठे शिल्लक नाही." ठकीच्या अंगावर तर कातरल्यामुळे चिमटीत धरण्याइतकीही लोकर उरली नव्हती.

दिवस कलला. भरती यायच्या आत होडी वर ओढायची म्हणून होडीवाला उठला. "मनाला लावून घेऊ नका," असं म्हणून गेला. कोकराचे कान गार पडले होते आणि मान सावरत नव्हती. काकू त्याला पदराखाली घेऊन घरात आली, कोरडं फडकं घ्यायला. आतल्या खोलीचं दार ढकललं, तर दारामागे स्वेटर हलला.

घरात वास शिल्लक होता. एकाच ठिकाणी.

स्वेटर काढून तिनं अख्खाच कोकरावर घालून बघितला. कोकरू त्यात बुडालं, पाय अडकून तोंडावर पडलं. अख्खा चालणार नव्हता. बाही मात्र अगदी मापाची होती.

"आता मी काय करू, सांगा तुम्हीच," ती खुंटीकडे बघून म्हणाली. "ही कापली, पोरानं ओली केली, की गेलं सगळं. मग मी काय करायचं?" खुंटी काय बोलणार! कोकराचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता, आणि तोही मधेच थांबत होता. काकूनं डाव्या बाहीत तोंड घातलं, पोटभर श्वास घेतला, आणि सुई हातात घेतली. खांद्यापाशी टाक्या-टाक्यातून दोरा ओवला, म्हणजे वीण उसवायला नको. मग कात्री चालवली. पुढच्या पायांसाठी भोकं पाडली ती कोपराच्या रफूवर, आपल्याच हातच्या रफूवर.

मनगटाकडचा काठ कोकराच्या गळ्यात नीट बसला. काकूनं त्याला ठकीपुढे ठेवलं आणि मागे सरली.

ठकीनं मान खाली केली, हुंगलं. काकूनं डोळे मिटून घेतले, आता ढुशीचा आवाज येणार म्हणून. आला तो दुसराच आवाज, घुमल्यासारखा, अंगणात त्या दिवशी आला होता तसा. डोळे उघडून बघते तर ठकी बाही चाटत होती. कोपरापाशी, मग खांद्यापाशी, मग बाहीच्या पलीकडे, कोकराच्या ओल्या पाठीवर. कोकरू धडपडत कासेशी गेलं. ठकीनं पाय हलवला नाही. तिला पान्हा फुटला होता. काकू गोठ्याच्या दाराला टेकून लहान मुलासारखी रडली, आणि रडताना कोकराला म्हणत होती, "पी रे बाळा, पी."

सकाळी होडीवाला आला आणि बघून चाट पडला. "वहिनी, ही कसली लोकर?"

"न धुतलेली," काकू म्हणाली.

कोकरू भराभर वाढलं. बाही काखेत काचायला लागली तेव्हा काकूनं ती उतरवली. तिच्यावर दूध होतं, शेण होतं, ठकीची लाळ वाळून कडक झाली होती. सवयीनं पाय कुंडाकडे वळले, साबण हातात आला. मग ती थांबली आणि भीत भीत तिनं बाही नाकाला लावली.

मेंढीचा वास. नुसता मेंढीचा, भपकन.

काकू तशीच उभी राहिली. मग साबण जागच्या जागी ठेवून घरात गेली आणि बाही खुंटीवर, एका बाहीच्या स्वेटरवर अडकवली.

"अंगावर मेंढी घेऊन घरात येऊ नका म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला!" ती म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.