मामीने बॉनेट उघडलं की

उपनगरांत ज्याच्या ज्याच्या दारात जुनी अमेरिकन गाडी उभी होती, त्या प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी माझ्या मामीची धास्ती वाटलेली आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. मामाचं घाटकोपरला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि गल्ल्यावर मामी बसायची. अशा गाड्यांच्या बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर, कारखान्यातच ठोकलेली एक बोटभर पट्टी असते. तिच्यावरच्या आकड्यांवरून बॉडी कुठली, सीटचं कापड कसलं, मूळ रंग कोणता, सगळं कळतं. गिऱ्हाईक गाडीचा मोठेपणा सांगायला लागलं की मामी त्याला अडवायची, "नाव नको, पट्टीवरचा आकडो सांग. माणूस खोटा बोलता, पत्रो नाय." मामा गेला, दुकान बंद झालं, ऐंशी साल उलटून रस्त्यावर नव्या छोट्या गाड्या आल्या, पण मामीचं वेड काही उतरलं नाही. अंधेरीच्या एका डॉक्टरांकडे ती गुडघा दाखवायला म्हणून गेली आणि त्यांच्या गाडीची मागची सीट उपटून बसली. कारण गाडीत काय काय बसवायचं त्याच्या यादीचा कागद कारखान्यातले कामगार कधीकधी सीटच्या स्प्रिंगांत तसाच सोडून देत. तिला तिथे शेंगांची टरफलं, दोन केसांचे आकडे आणि खरोखरच एक पिवळा पडलेला कागद मिळाला. गुडघा मात्र दाखवायचा राहिला.

तिच्या भाचीच्या लग्नात तर आम्ही सगळे देवाचा धावा करत होतो. बोरिवलीच्या हॉलसमोर नवरदेवाची फुलांनी मढलेली, भाड्याची लांबलचक गाडी थांबली आणि व्याही खाली उतरून म्हणाले, "महाराजांची गाडी आहे बरं का! खास बनवून घेतलेली." मामीने ओवाळणीचं तबक माझ्या हातात कोंबलं, पैठणीचा पदर खोचला आणि झेंडूच्या माळा बाजूला सारून बॉनेट उघडलं. मिनिटभराने वर येऊन म्हणाली, "टॅक्सी."

"काय?" व्याह्यांचा चेहरा पडला.

"टॅक्सीची बॉडी आहे. वाईट वाटून घेऊ नका. टॅक्सीला जाड स्प्रिंगा घालतात. जावईबापूंकडे बघून सांगते, दुसरी गाडी टिकली नसती."

नवरदेव खरोखरच भरभक्कम होता. तोच सगळ्यांत आधी खदखदून हसला, म्हणून ते लग्न लागलं.

मामीची स्वतःचीही एक गाडी होती. मुलुंडला बिल्डिंगच्या आवारात उभी असायची, पोपटाच्या पंखासारखी हिरवीगार. मामा सांगायचा, "हिला हिरवा आवडतो म्हणून मुद्दाम कारखान्यातून हिरवी मागवली." मामा होता तोवर गाडीचं सगळं तोच बघायचा आणि तो गेल्यावर मामीने त्या बॉनेटला हात लावला नव्हता. पण सोसायटीला आवार मोकळं हवं होतं, म्हणून तिने गाडी विकायचं ठरवलं. अंधेरीहून एक शौकीन गृहस्थ आले. गाडीभोवती फिरून त्यांनी विचारलं, "बाई, रंग ओरिजिनल ना?"

"कारखान्यातला," मामी ठासून म्हणाली आणि बॉनेट उघडून वाकली. पदराने पट्टीवरचं ऑइल पुसलं. एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग दाराच्या आतल्या कडेचा रंग नखाने खरवडला. हिरव्याखालून राखेसारखा करडा निघाला.

"करडी होती," ती म्हणाली.

"हरकत नाही," गृहस्थ म्हणाले, "मी हा हिरवा काढून पुन्हा करडी करून घेईन. झकास दिसेल."

मामीने बॉनेट खाली घेतलं. "गाडी विकूची नाय."

"मामी, अगं, सोसायटीला काय सांगायचं?" मी म्हटलं.

"कारखान्यान हिरवी दिल्यान असती तर त्यात तुझ्या मामाचा काय?" ती माझ्यावरच खेकसली. "ही ह्यांनी रंगवली रे. माझ्यासाठी." मग त्या गृहस्थांना चहा करायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सोसायटीशी ती वर्षभर भांडली आणि जिंकली. मामी जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी विकायची राहिली त्या दिवसानंतर मात्र तिचं एक बदललं होतं. पट्टी वाचून मूळ रंग सांगून झाला की ती घरच्यांना विचारायची, "आणि आत्ताचो हो रंग कोणी निवडलो?" वाकोल्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी या प्रश्नावर आपल्या गेलेल्या धाकट्या भावाबद्दल सांगायला सुरुवात केली. चहा निवून गेला, बाहेर अंधार पडला. मामी ऐकत बसली होती, पट्टी वाचायला आणलेली बॅटरी तिच्या मांडीवर तशीच चालू होती. बंद कर असं सांगणं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी गार झालेले कप उचलून बाजूला ठेवले.