तवनाप्पाचे हलके बाण

कबनुरात तवनाप्पाला सगळे जॉबर म्हणतात. बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. मागातून आडवा धागा नेणारा धोटा उसळून बाहेर पडला, तर हा आधी खाली वाकून बघणार, त्याखाली एखादी मुंगी तर चिरडली नाही ना. अशा जैन माणसानं क्रॉसबो करावा, बंदुकीसारखा दस्ता असलेलं ते धनुष्य! पण नात रुचिता कॉलेजात हा खेळ शिकली, आणि नातीला नाही म्हणणं त्याला जमत नाही.

जुन्या जीपच्या स्प्रिंगचा पाटा घासून त्यानं कमान केली. काम चोख होतं. घोळ केला तो बाणांत. पोकळ, बारीक नळीचे, टोकाला वजन म्हणून नाही.

"हलका बाण, आक्का. चुकून एकाद्या जीवाला लागलाच, तर हलकंच पाप."

"पाप वजनावर तोलतोस व्हय रं?" मी म्हटलं. माझा जन्म कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात गेला. "कमान तू दरवेळी तेवढीच ताणतोस. जड बाण सावकाश सुटतो, पण तिचा बहुतेक जोर घेऊन जातो. हलका सुसाट सुटतो, पण नेतो थोडाच. उरलेला कमानीतच राहतो आणि तिलाच खातो. एक दिवस मोडेल ती, पोरीच्या तोंडावर."

"तुमचं ते कॉलेजातलं ऱ्हाऊ द्या. माझा बाण पळतोय कसा, ते बघा की!"

पळायचा खरा. डोळ्याला दिसायचाच नाही. सुटताना असा फटकन आवाज, की बांधावरचे बगळे उठायचे. मग कमान गुणगुणायला लागायची, बंद दारामागं कुणी कण्हावं तशी. आधी क्षणभर. पुढं पुढं बराच वेळ.

श्रावणात एका दुपारी लाइट गेली. माग थांबले की कबनुरात कान बधिर करणारी शांतता पसरते. मी त्याच्या शेडमध्ये चहा घेत होते. खिळ्याला टांगलेलं धनुष्य गुणगुणत होतं. सकाळपासून त्याला कुणी शिवलं नव्हतं.

"आलं का ऐकू?" रुचिता म्हणाली. "मी सांगत होते, तर आज्जा हसत होता मला."

"मागांनी भिंत थरथरते, त्याचं असेल," मी म्हटलं.

"माग बंद हायती की, आक्का," तवनाप्पा म्हणाला.

मी भिंतीला हात लावून पाहिला. थरथर नव्हती.

तवनाप्पानं धनुष्य उतरवून दारातल्या उजेडात धरलं. कमानीला केसाएवढी चीर. नेम धरताना रुचिताचा गाल टेकतो, तिथून हातभर अंतरावर. त्यानं एकदा तिच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि खाली बसला.

दुसरा पाटा लावला. भरीव गज कापून बाण केला. कानशीनं घासताना तोंडानं णमोकार मंत्र चालू होता. पहिला बाण त्यानंच सोडला, पोरीला हात लावू दिला नाही. समोर पेंढ्यांचं निशाण, त्यामागं फळ्या, त्यामागं ऊस.

फटका नाही, काही नाही. उशी पडावी एवढाच आवाज. हा बाण मात्र जाताना दिसला. काळा, घाई नसलेला, कुठं जायचं ते ठाऊक असल्यासारखा. पेंढ्यांतून गेला, फळी फोडून उसात शिरला. कमान गप्प. उसाचे शेंडे मात्र एका रेघेत हलत गेले, बाण पोचणार नाही इतके लांब. मग एका जागी थांबले.

"कुणाला तरी लागला, आक्का," तवनाप्पा म्हणाला.

आम्ही ऊस धुंडाळला. बाण नाही, रक्त नाही, पीसही नाही.

आता फळ्यांच्या जागी वाळूची पोती रचलीत. रुचिता जड बाणच मारते, तिच्या डोळ्यांची काळजी मिटली. तवनाप्पा मात्र रोज सकाळी बांधावर जाऊन उभा राहतो.

दशलक्षण पर्व संपलं की आम्ही जैन माणसं घरोघरी क्षमा मागत फिरतो. यंदा तवनाप्पा एकाही घरी न जाता आधी बांधावर गेला. हात जोडून उसाला म्हणाला, "उत्तम क्षमा."

"अरे चल, घरी माणसं खोळंबलीत!" मी ओरडले.

वारा अजिबात नव्हता. आत खोलवर उसाचं वाळलेलं पाचट वाजलं. मग जरा अलीकडं. मग आणखी अलीकडं, थेट बांधापर्यंत, आणि तिथं थांबलं.

मी त्याची बाही ओढली. त्यानं जोडलेले हात सोडले नाहीत.

"थांबा की, आक्का," तो हळूच म्हणाला. "मला क्षमा करायची का न्हाई, ते त्याला ठरवू द्या."