न चाललेली सहा वर्षं

माझ्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचे सोल मी सहा वर्षं सिमेंटच्या पायरीवर घासून झिजवले. चालून नाही — घासून. हे माझ्या बायकोला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. आज पहिल्यांदा कोणाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर खरं बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते, आणि हा रोग माझ्या साखरेपेक्षा जुना आहे.

मी यवतमाळचा. आमच्या घरात तीन पिढ्यांनी खुर्ची सांभाळली — आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, मीही कचेरीत. अंगाला घाम फुटायचा तो साहेबानं आत बोलावल्यावरच. चव्वेचाळीसाव्या वर्षी साखर निघाली तेव्हा मला नवल वाटलं नाही, कुंदाला मात्र वाटलं. कुंदा म्हणजे माझी बायको. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि खाली दोन रेघा ओढून लिहिलं — रोज पाऊण तास चालणे. त्या दोन रेघा कुंदाच्या मनात बसल्या. संध्याकाळी घरात बूट आले.

पहिले दोन दिवस मी खरंच चाललो. खोटं कशाला बोलू — म्हणजे आता तरी. मैदानाला एक चक्कर मारली तर पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. काठी घेतलेले एक आजोबा मला मागे टाकून गेले, आणि वळून बघून हसले. माझ्यासारख्या माणसाला तेवढं हसू पुरतं. तिसऱ्या दिवशी माझे पाय मैदानाकडे न वळता बसस्टँडमागच्या चहाच्या टपरीकडे वळले. तिथं बाकडं होतं, पेपर होता, आणि तर्री-पोहे होते.

मग ती शिस्तच झाली. पहाटे कुंदा भिजवलेल्या मेथ्या हातावर द्यायची, मी बूट बांधून निघायचो, पाऊण तास बाकड्यावर बसायचो. निघताना टपरीच्या रांजणातलं ओंजळभर पाणी पाठीवर आणि काखेत शिंपडायचो. आमच्या गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत झपझप यायचो, म्हणजे दारात धाप लागलेली असायची. ती तेवढी खरी. दर रविवारी कुंदा ते बूट धुऊन, खडू लावून उन्हात ठेवायची. एकदा म्हणाली, “बूट मजबूत निघाले हो, अजिबात घासले नाई.” दुसऱ्या दिवसापासून मी टपरीच्या पायरीवर सोल घासायला सुरुवात केली. एवढी मेहनत चालायला घेतली असती तर? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

साखर अर्थातच वाढत राहिली. डॉक्टर कागद बघायचे, माझ्याकडे बघायचे, पुन्हा कागद बघायचे. “चालता ना रोज?” कुंदाच आधी उत्तर द्यायची — “एक दिवस खाडा नाई जी.” डॉक्टर गोळी वाढवायचे. मी निरागस चेहरा करून बसायचो. कचेरीत तो चेहरा रोजच लागायचा, त्यामुळे वेगळा करावा लागला नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला हसू आलं असेल. मलाही येतं. आपल्याच शरीराशी लबाडी केली, आपलंच नुकसान — यात कबूल करण्यासारखं काय? तसं असतं तर मी तुमचा वेळ घेतलाच नसता.

दिगांबरराव माझा साडू. कुंदाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बोरी अरबला त्याचं वावर — कापूस, मधे तुरीचे तास. उंच, काळाभोर, काटक माणूस. घरापासून वावर दीड कोस, दिवसातून दोनदा जाणं-येणं. वखर, डवरण, फवारणी — बसलेला दिगांबर मी लग्नकार्यातसुद्धा पाहिला नव्हता, पंगतीत तो वाढायलाच असायचा. पण ती वर्षं कापसाची वाईट होती. पेपर उघडला की तेच. मी तर्री-पोहे खात ते वाचायचो आणि पान उलटायचो. दिगांबरच्या वावरानंही ओळीनं तीन हंगाम दगा दिला — एका साली अळी, एका साली लाल्या रोग, एका साली पाऊसच नाही. शेवटी त्यानं बैल विकले, वावर ठेक्यानं दिलं, आणि बायकोला घेऊन यवतमाळला आला. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर त्याला चौकीदारी मिळाली. बारा तास खुर्चीवर बसायचं आणि गाडी आली की उठायचं.

वर्ष-दीड वर्षात त्याचं पोट सुटलं. मग सारखी तहान, मग डोळ्यापुढं अंधारी. तपासलं तर साखर — माझ्यापेक्षा जास्त. तो आमच्या ओट्यावर बसून कागदाकडे बघत म्हणाला, “वावरात होतो तवा कधी डोकं दुखाची गोळी नाई घेतली, भाऊ. ह्या खुर्चीनंच खाल्लं मले.” खुर्चीनं माणूस खाल्ला जातो हे आमच्या तीन पिढ्यांत कोणाला कळलं नव्हतं. त्याला दीड वर्षात कळलं.

कुंदानं लगेच माझं उदाहरण दिलं. “यायच्याकडं पाहा, भाऊजी. थंडी असो का पाऊस, चालणं सोडत नाई.” दिगांबरनं ते मनावर घेतलं. तो काहीही मनावर घ्यायचा. पाळीवर जायच्या आधी लोहाऱ्याच्या रस्त्यानं तासभर चालायला लागला. मला म्हणाला, “सोबत जाऊ ना.” मी म्हणालो माझी वेळ वेगळी. चार महिने तो एकटा चालला. त्याची साखर थोडी उतरली — थोडीच. चालण्याचा गुण सावकाश येतो, डॉक्टरही तेच सांगतात. पण ज्यानं उभ्या पिकाची वाट बघत तीन हंगाम घालवले, त्याच्याजवळ वाट बघायचं बळ किती उरलेलं असणार?

मग पोळा आला. त्याचा बैलांवाचूनचा दुसरा पोळा. मीच जेवायला बोलावलं होतं. कुंदानं पाटावर मातीची बैलजोडी मांडली होती, दिगांबर तिच्याकडं फार बघत नव्हता. पुरणाची पोळी आम्ही दोघांनीही अर्धी-अर्धीच घेतली. आणि जेवता जेवता त्यानं मान वर करून विचारलं. माझ्यावर पूर्ण भरवसा टाकून विचारलं —

“भाऊ, खरं सांगा. तुमी तीन वर्षांपासून चालून राह्यले. फरक पडते काय?”

कुंदा तुपाची वाटी घेऊन शेजारी उभी होती.

दोन वाक्यं पुरली असती. मी चालतच नाही, दिगांबरराव. तू चालत राहा. कुंदा रागावली असती, आठ दिवस अबोला झाला असता, साडूनं मला जन्मभर चिडवलं असतं. एवढीच किंमत होती. मी ती दिली नाही. मी घास गिळला आणि म्हणालो, “काई फरक नाई पडत, दिगांबरराव. हे रक्तातच असते. मी आपला सवय म्हणून चालतो.”

सवय म्हणून! नुसतं खोटं बोलून माझं भागलं नाही, त्यावर शहाणपणाचं तूपही सोडलं.

त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. “बरं झालं सांगतलं,” तो म्हणाला. “मी उगाच जीव काढून राह्यलो होतो. तुमचीच नाई उतरली तर माही काय उतरणार?” आणि त्यानं उरलेली अर्धी पोळी मागून घेतली. कुंदानं वाढली. दुसऱ्या दिवसापासून त्यानं चालणं सोडलं. हळूहळू गोळ्यांतही खाडे पडू लागले — रक्तातच आहे तर गोळी तरी कायले?

दोन वर्षांनी त्याच्या चपलेचा खिळा वर आला. तो दिवसभर टोचत होता आणि त्याला कळलं नाही, कारण पावलातली जाणीवच गेली होती. जखम चिघळली, बोटं काळी पडली. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. दिवसातून दोनदा दीड कोस जाणारा-येणारा तो पाय.

डॉक्टरांनी कारणं सांगितली — जखम उशिरा दिसली, गोळ्या चुकल्या, बैठं काम. सगळी खरी असतील. त्या कारणांच्या गर्दीत मी बरीच वर्षं लपून राहिलो. पण वॉर्डात त्याच्या खाटेशी बसलो की पांघरूण एका बाजूला सपाट दिसायचं, आणि मला पोळ्याचं ताट आठवायचं. मी त्याला संत्र्याच्या फोडी सोलून द्यायचो. तो म्हणायचा, “तुमी किती करता, भाऊ.”

आता जे सांगतो ते ऐकून तुम्ही म्हणाल, देवाला काही न्याय आहे की नाही. मलाही तसंच वाटतं.

जखम भरून कृत्रिम पाय बसेपर्यंत वर्ष गेलं. पाय बसवणाऱ्या माणसानं बजावलं — रोज सपाट जागी चालायचं, सोबत कोणीतरी पाहिजे. कुंदा तिथंच म्हणाली, “हे जातेच ना रोज मैदानावर. घेऊन जातील.” माझ्याच खोट्यानं माझं बखोट धरून मला मैदानावर आणलं.

त्या सकाळी तो काठी टेकत, एकेक पाऊल तोलत चालत होता आणि मी त्याच्या बाजूनं. अर्ध्या चकरेत मला दम लागला. मला — दोन पाय शाबूत असलेल्याला. तो थांबला आणि म्हणाला, “भाऊ, तुमी माह्यासाठी हळू चालून राह्यले. जा ना पुढं, तुमच्या चालीनं.” मी पुढं गेलो, वळणावरच्या कडुनिंबामागे उभा राहिलो आणि झाडाला धरून श्वास घेतला. त्याची काठी वाजत जवळ येत होती. त्या झाडामागे मला पहिल्यांदा माझी खरी लाज वाटली. त्या काठीवाल्या आजोबांच्या हसण्यानं वाटली होती ती लाज नव्हती, नुसता अहंकार होता.

त्यानंतर मी खाडा केला नाही. हे मात्र खरं, याला आता साक्षीदार आहे. एकाच्या दोन चकरा झाल्या, दोनाच्या सहा. चार महिन्यांनी साखर उतरायला लागली, वर्षभरात दोन गोळ्या बंद झाल्या. डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, “आता कुठं तुमच्या शरीरानं ऐकलं.” कचेरीचा जिना मी न थांबता चढू लागलो. झोप लागायला लागली. जेवण गोड लागू लागलं — साखरेशिवाय. चिडचिड कमी झाली असं कुंदा सांगते, आणि ती उगाच चांगलं बोलणाऱ्यांतली नाही. पहाटेची हवा, गार धूळ, पायातून वर चढत जाणारी ऊब — पन्नाशीच्या माणसाला आपलं शरीर पहिल्यांदा भेटावं, असं ते होतं. आज निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी मी स्वतःच्या पायांनी भाजी आणतो, नातीला खांद्यावर घेतो.

हे सगळं त्यानं दिलं. मी त्याला थांबवलं आणि त्यानं मला चालवलं. रोज सकाळी बूट बांधताना मी मनातल्या मनात त्याला हात जोडतो. कुंदालाही जोडतो, त्या खडू लावलेल्या बुटांसाठी. इतकं मिळालं आहे की कधी कधी भीती वाटते. उपकार मोठे आहेत, आणि मी ते न सांगता घेतले आहेत.

का नाही सांगत त्याला? त्याचं मन दुखेल म्हणून, हे उत्तर मी स्वतःला पुष्कळदा दिलं आहे. ते खोटं आहे. तो मला भाऊ म्हणतो, ते त्यानं म्हणत राहावं म्हणून नाही सांगत.

आता आम्ही दोघंही त्या मैदानावरचे जुने झालो. नवीन साखर निघालेली माणसं येतात, ताजा कागद खिशात घेऊन, घाबरलेली. दोन-चार दिवस चालून कंटाळतात आणि दिगांबरला विचारतात — काका, चालल्यानं खरंच फरक पडते काय? तो काठी मातीत रोवून उभा राहतो आणि माझ्याकडं बोट दाखवतो.

“ह्या भाऊले पाहा. सहा वर्षं साखर उतरली नाई, तरी यायनं चालणं नाई सोडलं. मग उतरली. धीर पायजे, बाबू. म्या चार महिन्यांत धीर सोडला, त्यात पाय गेला. माहीच चूक.”

माणसं माझ्याकडं आदरानं बघतात. मी मान हलवतो. मी त्याच्या शेजारीच उभा असतो — दोन्ही पायांवर.