एका स्पॅनिश लोहाराचा हेवा

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, पण मी केला, आणि तोही चांगला महिनाभर. हा गृहस्थ स्पेनचा. लोखंड तापवून, ठोकून, जोडून त्याने बाईचं एक डोकं घडवलं होतं आणि ते इथे बहारीनला, मनामा शहरातल्या एका प्रदर्शनात आलं होतं. माझी सतरा वर्षांची मुलगी शाळेच्या आर्ट प्रोजेक्टसाठी त्याची चित्रं काढत होती.

एरवी मराठीत काही विचारलं तर इंग्रजीत एका शब्दात वाटेला लावणारी ही पोर जेवताना आपणहून बोलायला लागली. "बाबा, ही वॉज अ वेल्डर. इमॅजिन."

मी काय इमॅजिन करणार? जहाजदुरुस्तीच्या यार्डात, वेल्डिंगच्या धुरात माझी बावीस वर्षं गेली. भाजून निघून घरी आलो की हीच नाक मुरडून म्हणायची, "शॉवर फर्स्ट, बाबा." शाळेच्या फॉर्मवर माझ्या नावापुढे नुसतं 'इंजिनिअर' लिहून मोकळी व्हायची. आणि याचा धूर मात्र कला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शुक्रवारी मीही तिच्याबरोबर गेलो. त्याच्या कामात खोट काढायची, एवढंच मनात होतं. डोकं म्हणजे तरी काय, वाकवलेल्या पट्ट्या, एक पोकळ गाल आणि केसांच्या जागी सळया. जोड पाहिले आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एका ठिकाणी वेल्ड ओघळला होता, दुसरीकडे बारीक भोकं राहिली होती. असलं काम यार्डात समोर आलं की मी त्याभोवती खडूने गोल काढतो आणि पुन्हा करायला लावतो. सवयीने अंगठा जोडावरून फिरला, आणि खिशातला पिवळा खडू हातात कधी आला ते कळलंही नाही.

रखवालदार धावत आला. "सर, टच मफी. हाथ नहीं लगाना. पीछे हटिए."

मुलगी लाजेने लाल झाली. मी घाईघाईने तिला समजावू लागलो. "हे बघ, इथे त्याचा हात थांबलाय. पुन्हा सुरू केलं ती जागा घासायचीही तसदी घेतली नाही. मी हे पास केलं नसतं."

वाटलं, आता भडकेल. पण ती वाकून तो जोड पाहू लागली. "हाऊ डू यू नो?"

मी असा फुगलो की विचारू नका. जहाजांचे तळ, टाक्या, बॉयलर, सगळं सांगत सुटलो. ती ऐकत होती, वहीत लिहूनही घेत होती. इतक्या वर्षांत ती माझ्या कामाबद्दल पहिल्यांदाच ऐकत होती. मग तिने विचारलं, "सो व्हिच वन डिड यू मेक?"

वेल्डिंगचा होल्डर शेवटचा हातात धरला त्याला अठरा वर्षं झाली. इन्स्पेक्टर झालो तेव्हा यार्डभर पेढे वाटले होते. तेव्हापासून दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधतो आहे.

"मी चेक करतो," मी म्हणालो.

"ओह," ती म्हणाली. पाहुण्यांशी बोलते तशी, अगदी अदबीने. मग खाली मांडी घालून पुन्हा वहीत ते डोकं काढू लागली. थोड्या वेळाने वर न बघताच म्हणाली, "बाबा, कॅन यू मूव्ह? लाइट अडतोय."

मी बाजूला झालो.